उलटा हात इतक्यात नको

प्रश्न : कार्ट्रिजचा रेझर सोडून नुकताच दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घेतला. गालांवर दाढी छान होते, पण गळ्याची आग होते आणि दुसऱ्या दिवशी लाल पुटकुळ्या येतात. ब्लेड त्वचेशी ३० अंशांत धरावं असं वाचलं. ते मोजायचं कसं? की ब्लेडची कंपनीच बदलू?

उत्तर : कंपनी बदलू नका, निदान आत्ता तरी. ब्लेडच वाईट असतं तर त्यानं गालांनाही सोडलं नसतं.

कार्ट्रिजचं डोकं चेहऱ्याच्या वळणाबरोबर आपोआप कलतं, म्हणून हात बिनधास्त दाबत जातो. सेफ्टी रेझरचं डोकं जागचं हलत नाही. कलण्याचं काम मनगटाचं, आणि दाब तर द्यायचाच नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. दांडा मुठीत आवळण्याऐवजी खालच्या बाजूला बोटांच्या चिमटीत धरून पाहा. तसा धरला की दाबावंसं वाटलं तरी फारसं दाबता येत नाही.

अंश मोजत बसू नका. डोक्याची वरची बाजू गालावर सपाट टेकवा. दांडा तेव्हा चेहऱ्यापासून सरळ बाहेर आलेला असेल. आता तो हळूहळू खाली आणत रेझर ओढत राहा. ज्या क्षणी खुंट कापल्याचा बारीक खरखर आवाज येईल, तो तुमचा कोन. पंखा, नळ, गाणी सगळं बंद ठेवा. सुरुवातीला हा आवाजच तुमचा शिक्षक आहे.

आता गळा. तिथले केस सगळे वरून खाली वाढतात, हे गृहीत धरू नका. अनेकांचे आडवे वाढतात, काहींचे चक्क खालून वर. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटं चारही दिशांनी फिरवा. जिकडे बोट गुळगुळीत सरकतं ती सुलट, जिकडे अडतं ती उलट. पहिले काही आठवडे फक्त सुलट हात. दाढी पूर्ण तुळतुळीत होणार नाही, होऊ नये. उलट्या हातानं केस फार खोलवर कापला जातो आणि कुरळा असेल तर वाढताना त्वचेतच शिरतो. तुमच्या पुटकुळ्यांचं कारण बहुधा हेच. गळा शांत होईपर्यंत तिथे रोज दाढी करू नका. पुटकुळ्यांत पू झाला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

भिजवण्यात घाई नको, कारण पाणी प्यायलेला केस सहज कापला जातो. आंघोळीनंतरची वेळ उत्तम. फेस चकचकीत आणि ओलसर हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, ब्रशवर आणखी थोडा साबण घ्या. मी हनुवटी आणि ओठांभोवतीची जागा शेवटी घेतो, तिथले राठ केस तोवर फेसात मुरतात. हात दोन-तीन सेंटिमीटरचे, छोटे. राहिलेल्या जागी पुन्हा फेस लावल्याशिवाय रेझर नेऊ नका.

दांडा नीट पिळून बसवला आहे ना, तेही बघा. हे ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याची खुबीच ही: पातळ, लवचीक ब्लेड आणि त्याला ताठ धरून ठेवणारं डोकं. पकड सैल असेल तर ब्लेड थरथरतं आणि ओरबाडतं. चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा केस ओढले जातायत असं वाटताच, ब्लेड बदला. बोथट ब्लेडनं हात नकळत दाबू लागतो.

प्रश्न : वडील अंथरुणाला खिळून आहेत आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात. त्यांची दाढी मी त्यांच्याच जुन्या सेफ्टी रेझरनं केली तर चालेल का?

उत्तर : या गोळ्या चालू असताना नको. छोटा काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. शिवाय स्वतःच्या चेहऱ्यावर किती दाब पडतोय हे त्वचा सांगते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते आपल्याला कळत नाही. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक शेव्हर घ्या. त्यांना ब्रशचा आणि साबणाच्या वासाचा लळा असेल, तर आधी कोरड्या चेहऱ्यावर शेव्हर फिरवा, मग कोमट पाण्यात घोळवलेल्या ब्रशनं फेस लावून द्या आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या.