फायनान्ससाठी कुठला विषय घेऊ?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बीकॉम, बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी), बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) की इकॉनॉमिक्स, असं तू विचारलं आहेस. घरचे म्हणतात, फायनान्स म्हणजे कॉमर्सच. मला ते पटत नाही. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासणारा अधिकारी, विम्याचे हप्ते ठरवणारा ॲक्च्युअरी, म्युच्युअल फंडात रोख्यांचे व्यवहार करणारा आणि ऑडिट करणारा सीए, सगळे फायनान्समधलेच. पण चौघांची कामं अगदी निराळी. ऑडिटची ओढ असेल तर बीकॉम किंवा बीएएफ घे आणि सोबत सीए कर. ॲक्च्युअरी व्हायचं तर संख्याशास्त्राला पर्याय नाही.

तुला कर्ज आणि रोखे यांत रस आहे, म्हणून माझं मत इकॉनॉमिक्सला. बारावीला एसपीऐवजी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिसऐवजी, गणित घेतलंस, हे फार चांगलं केलंस. कॉमर्सची पुष्कळ मुलं अकरावीतच गणिताला रामराम ठोकतात आणि मग दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्ससारखे रस्ते बंद होतात. जमाखर्च नोकरीला लागल्यावरही शिकता येतो. वरिष्ठांशेजारी बसून शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. नोकरी सांभाळून संभाव्यता मुळापासून शिकलेलं मात्र क्वचितच कुणी भेटलं. शिवाय पुढे सीए करावंसं वाटलंच, तर कॉमर्सबाहेरच्या पदवीधरालाही ६० टक्के गुणांवर थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेला, बसता येतं.

आयएलअँडएफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचं २०१८चं प्रकरण नीट वाच. ३००हून अधिक कंपन्यांचा समूह, डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, आणि काही महिन्यांपूर्वीपर्यंत कर्जफेडीच्या भरवशाचं सर्वोच्च मानांकन. सप्टेंबरपर्यंत तो देणी थकवू लागला होता. रस्ते, बोगदे, वीज अशा प्रकल्पांतून पैसा सुटायला वर्षानुवर्षं लागतात, आणि त्यांच्यासाठी घेतलेली बरीच कर्जं अल्प मुदतीची होती. जुनं फेडायला नवं मिळत होतं तोवर सगळं सुरळीत दिसलं. ताळेबंद वाचता येणाऱ्याला कर्जाच्या मुदती दिसतात. बाजारातला पैसा आटला की त्याच मुदती गळ्याशी का येतात, हे कळायला अर्थशास्त्र लागतं. किती बुडेल याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्र. कर्ज देणाऱ्याच्या टेबलावर हे तिन्ही प्रश्न एकाच फाइलमध्ये येतात. आणि त्या फाइलमागे ठेवीदारांचा, पेन्शनवाल्यांचा पैसा असतो, म्हणून मी इतकं कळकळीनं लिहितो आहे.

बीएमएस मला रुचत नाही. त्यात विषय पुष्कळ, पण खोली कमी. सीएफएची, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांची, घाई आत्ता नको. फी डॉलरमध्ये भरावी लागते आणि पाया कच्चा असेल तर ती वाया जाते.

कॉलेजच्या नावापेक्षा अभ्यासक्रम बघ. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं) सक्तीचं आहे का, हे पाहा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा बीएस्सी इकॉनॉमिक्स यादीत असू दे. घराजवळच राहायचं ठरलं आणि तिथल्या इकॉनॉमिक्सला गणित कमी असेल, तर मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र मिळतं का, ते कार्यालयात जाऊन विचार. फी परवडते का, हे बाबांशी मोकळेपणानं बोल; फायनान्सची पदवी कर्ज काढूनच घ्यावी असं मुळीच नाही.

दोन-तीन कॉलेजांचे अभ्यासक्रम उतरवून मला पाठव. अर्जाची मुदत संपायच्या आत एकेक पेपर घेऊन बोलू.

तुझा,
काका