वाचकांचे प्रश्न : मुलं झोपल्यावर लिहिलेल्या कादंबऱ्या

प्रश्न : ताई, मी छत्तीस वर्षांची आहे. घरात सासूबाई, दोन मुलं, संध्याकाळी शिकवण्या. रात्री ओटा आवरून झाला की मी एका अद्भुत कादंबरीची वही उघडते. तिच्यात पाण्याशी बोलणाऱ्या बायकांचं एक गाव आहे. पहिली तीन प्रकरणं दोन प्रकाशकांनी परत केली. एकाने लिहिलं, ‘जादूच्या गोष्टीत चूल आणि पाणी भरणं कशाला?’ संसार सांभाळून कोणी असं लिहिलं आहे का? की माझं वय निघून गेलं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लिहिलं आहे. अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांनी. जन्म १९२९ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. अकराव्या वर्षी उर्सुलाबाईंनी एका विज्ञानकथा मासिकाला गोष्ट पाठवली, ती साभार परत आली. पुढे १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पाचही परत आल्या. तुमच्याकडे दोन नकार आहेत, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगते. पहिली कादंबरी छापून आली १९६६ मध्ये. तेव्हा त्या साधारण तुमच्याच वयाच्या होत्या आणि पदरी तीन मुलं होती.

फ्रान्सला जाताना बोटीवर त्यांची चार्ल्स यांच्याशी ओळख झाली, त्याच वर्षी, १९५३ मध्ये, पॅरिसला लग्न झालं. पुढे पोर्टलंडला बिऱ्हाड. चार्ल्स विद्यापीठात इतिहास शिकवायचे, उर्सुलाबाई मुलं झोपली की लिहायला बसायच्या. नंतर एका निबंधात त्यांनी लिहिलं की एका माणसाला पूर्णवेळाची दोन कामं झेपत नाहीत, पण दोन माणसं मिळून तीन कामं पार पाडू शकतात. नवऱ्याचं शिकवणं, आपलं लेखन आणि घर, ही ती तीन. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेखच नाही. हे एवढं त्यांना वाचून दाखवा. मी नोकरी करून लिहीत होते तेव्हा ओट्याशी कोणी उभं राहिलं असतं, तर माझी दोन पुस्तकं तरी जास्त झाली असती.

नकाराचं आणखी एक. जून १९६८ मध्ये एका संपादकाने उर्सुलाबाईंच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’चं हस्तलिखित परत केलं. तपशिलांच्या गुंत्यात ही कादंबरी अडकली आहे, वाचवत नाही, असा शेरा होता. पुढच्याच वर्षी ती दुसरीकडे छापली गेली आणि तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञान आणि अद्भुत कथांसाठीचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. बाईंनी ते पत्र जपून ठेवलं आणि संपादकाचं नाव झाकून सगळ्यांना वाचायला दिलं. तुम्हीही तुमची दोन्ही पत्रं फाडू नका.

आता चुलीबद्दल. तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये बेटांचं एक जग आहे. (माझी प्रत फोर्टच्या फुटपाथवर मिळाली, शिवण उसवलेली. अजून तीच वाचते.) या बेटांवर वस्तूचं खरं नाव कळलं की ती वस्तू वश होते. नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे; जादूगार म्हटला की गोरा, हा संकेत बाईंनी जाणूनबुजून मोडला. पण त्या जगात जादूची शाळा फक्त पुरुषांची आहे, आणि बायकांची जादू दुबळी नि दुष्ट, अशी तिथली म्हण आहे. ही म्हण बाईंनाच पुढे सलत राहिली. १९९० मध्ये त्या ‘तेहानू’ घेऊन त्याच बेटांवर परतल्या. या वेळी गोष्ट शेतावर राहणाऱ्या विधवा तेनारची आणि आगीत होरपळलेल्या एका मुलीची. थोर जादूगार गेड शक्ती गमावून येतो आणि शेळ्या राखतो. राजवाड्याऐवजी शेत, गोठा, स्वयंपाकघर. या कादंबरीलाही नेब्युला मिळाला. तेव्हा तुमच्या बायका पाणी भरताना पाण्याशी बोलत असतील, तर ते पाणी भरणं अजिबात काढू नका. उलट हंडा कसा भरतो, कोणाच्या घरी आधी जातो, कोणाला विहिरीवर येऊ देत नाहीत, हे सगळं लिहा. माझ्या मते तुमची कादंबरी तिथेच आहे.

वयाचं म्हणाल, तर उर्सुलाबाईंच्या आईकडे बघा. थिओडोरा क्रोबर. चार मुलं वाढवली आणि पहिलं पुस्तक आलं १९५९ मध्ये, बासष्टाव्या वर्षी.

एक काम मात्र आजच करा. अर्थसी लिहायला घेताना बाईंनी आधी बेटांचा नकाशा काढला होता. तुमच्या गावाचा नकाशा मुलांच्या चित्रकलेच्या कागदावर काढा, विहिरी सगळ्या दाखवा, आणि पहिल्या प्रकरणासोबत मला पाठवा. मी वाचून सविस्तर लिहीन.