सूत्रं पाठ आहेत, तरी शाब्दिक उदाहरणं सुटत नाहीत. काय करावं?

तुमचा मुलगा नववीत आहे, सूत्रं तोंडपाठ आहेत, सोडवून दिलेलं उदाहरण समजतं, पण नवीन शाब्दिक उदाहरण दिसलं की "कुठलं सूत्र लावू?" इथेच गाडी अडते, असं तुम्ही लिहिलं आहे. मी शिकवणी घेते, आणि पालकांकडून हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकते. त्याला आणखी सूत्रं देऊ नका. सूत्राला हात घालण्याआधी तो उदाहरणापाशी किती वेळ थांबतो, तेवढं बघा.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं (इ. स. ११५०) एक उदाहरण मी नववीच्या मुलांना हमखास देते. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या पायथ्याशी सापाचं बीळ आहे. साप २७ हातांवरून बिळाकडे येताना दिसतो आणि मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर साप बिळापासून किती हातांवर पकडला गेला?

बरीच मुलं तडक ९ आणि २७ चे वर्ग करून बेरीज मांडतात. तिथेच पेन खाली ठेवायला सांगायचं. आधी आकृती काढायची. साप वाटेतच पकडला गेला, म्हणजे २७ ही त्रिकोणाची बाजूच नाही, हे आकृती काढली की लगेच दिसतं. मग "सारखंच अंतर" या शब्दांखाली रेघ मारायची. मोराची झेप हा कर्ण, आणि तो सापाने कापलेल्या अंतराएवढा.

यानंतरही समीकरण नको, अंदाज करू द्या. समजा भेट १० हातांवर झाली. मग साप १७ हात आला. ९ आणि १० च्या वर्गांची बेरीज १८१, तर १७ चा वर्ग २८९. सापाचं अंतर जास्त भरलं, म्हणजे भेट बिळापासून आणखी लांब हवी. ११ घेतले तर २०२ आणि २५६, फरक कमी झाला. १२ ला दोन्हीकडे २२५! इतकं करून झालं की त्या अंदाजाच्या जागी क्ष ठेवायचा: ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². समीकरण कुठून आलं हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. काही शिक्षकांना अंदाज आवडत नाही. परीक्षेत मांडणीचे गुण असतात हे खरंच, पण रफ वही असते कशासाठी?

उत्तर आल्यावर ताळा करायचाच, आणि मग आकडे बदलायचे. मला हा भाग सगळ्यात आवडतो. साप ९ हातांवरच असता तर? उत्तर शून्य येतं, मोर सरळ खाली उतरतो आणि बिळाच्या तोंडाशीच साप सापडतो. ३ हातांवर असता तर? उत्तर उणे १२! साप बिळात निसटला, हे मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

रोज दहा उदाहरणं उरकण्यापेक्षा असं एक करून घ्या. गाइड तेवढा वेळ कपाटात राहू दे. तो अडला तर पुढची पायरी सांगू नका. काय दिलंय, काय काढायचंय आणि आकृती कुठे आहे, एवढंच विचारा, आणि उत्तरासाठी दोन-तीन मिनिटं तरी गप्प बसा. पालकांना हे शेवटचंच सगळ्यात जड जातं.