पगार 22 हजार, 20 तारखेला खातं रिकामं

प्रश्न : ताई, मी लातूरचा, वय 23, पुण्यात पहिलीच नोकरी. हातात 22 हजार येतात. कॉट बेसिसचे 7 हजार, मेसचे 3,200, घरी 3 हजार पाठवतो, तरी 20 तारखेला खात्यात काहीच नसतं आणि पैसे कुठं गेले तेही सांगता येत नाही. खर्च लिहायचं ॲप घेतलेलं, चार दिवसांत सुटलं. त्यात एका ॲपवरून 10 हजार कर्ज घेतलंय, खात्यात 9,100 च आले, 2,200 चे 5 हप्ते आहेत, 2 भरलेत. काय करू?

उत्तर : ॲप सुटलं म्हणून खट्टू होऊ नकोस, रोज लिहिणं फार थोड्यांना जमतं. तुझा हप्ता धरून सगळं वजा केलं तर 6,600 उरतात आणि ते चहा, वडापाव, रिक्षा असे 30-30, 80-80 करून स्कॅन होतात, नोट मोडावी लागत नाही म्हणून जाणवतच नाही. तर असं कर, पेमेंट ॲपमध्ये यूपीआय लाइट (छोट्या खर्चाचे पैसे वेगळे ठेवायचा डबाच समज) चालू कर आणि दर रविवारी रात्री त्यात 1,500 टाक, आठवड्याचा वरखर्च फक्त त्यातूनच. लाइटमध्ये पिन लागत नाही, म्हणजे ज्या दिवशी टपरीवर फोनने पिन मागितला त्या दिवशी समज की डबा रिकामा झाला, आता रविवारपर्यंत थांबायचं. ऑटो टॉप-अप मात्र बंदच ठेव, नाहीतर डबा आपोआप भरत राहील आणि तुला कळणारही नाही.

आता कर्ज. 9,100 घेऊन 11,000 फेडायचे, 1,900 च तर जास्त असं वाटतं, पण 5 महिन्यांत फेडायचेत म्हणून वर्षाचा दर 80 टक्क्यांच्या आसपास पडतो रे! कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) दाखवावंच लागतं, त्यात एपीआर (सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर) लिहिलेला असतो, पुढच्या वेळी आधी तो आकडा बघ. उरलेले 3 हप्ते वेळेवर भर, ते भरायला दुसरं कर्ज अजिबात काढू नकोस. ॲपला कॉन्टॅक्ट, गॅलरीची परवानगी दिली असशील तर आजच काढ, रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्यांना ती मागताच येत नाही. कुणी धमकावलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर, एकटा सोसत बसू नकोस.

हप्ते संपले की तेच 2,200 त्याच तारखेला आरडीत (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम साठवायचं खातं) वळव, आणि सिबिलचा रिपोर्ट (तुझ्या कर्जांची नोंद) काढून बघ (वर्षातून एकदा फुकट मिळतो), कर्ज 'क्लोज्ड' दिसतंय ना.