घास गालातच राहतो, ते मोबाइलवर काय दिसणार?

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. वरण-भातसुद्धा मिक्सरमधून काढलेलाच खातो. पोळीचा तुकडा दिला तर गालात धरून बसतो, अर्ध्या तासाने पाहावं तर तुकडा तसाच. एकेक जेवण तासभर चालतं. मुलगा-सून म्हणतात, मुलांना चावायला-गिळायला शिकवणाऱ्या इंदूरच्या थेरपिस्टना व्हिडिओ कॉलवर दाखवू. मूल समोर नसताना त्यांना काय कळणार?
– एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : काकू, तुमची शंका रास्त आहे. मीही इथे इंदुरात कित्येक वर्षं मूल समोर बसवल्याशिवाय मत देत नसे. पण रात्रभर प्रवास करून आलेलं मूल माझ्या खोलीत तोंडच उघडायचं नाही. घरी ते कुठे बसतं, कोणाच्या हातून जेवतं, हे मला कॉलवरच पहिल्यांदा दिसलं.

देवासची ३ वर्षांची एक मुलगी होती. ‘चावत नाही’ एवढीच तक्रार. आईने फोन अगदी समोर धरलेला, त्यामुळे नुसता चमचा दिसायचा. म्हटलं, फोन बाजूला डब्याला टेकवा, कानापासून हनुवटीपर्यंतची एक बाजू दिसू द्या. मग दिसलं. मुलगी सोफ्याच्या कडेला, पाय लोंबकळत, आणि आई चमचा वरच्या हिरडीला निपटून बाहेर काढत होती. घास आत पडायचा, पण ओठ मिटायचं काही कारणच उरत नव्हतं. पायांखाली पाट दिला, चमचा जिभेवर टेकवून थांबायला सांगितलं. चौथ्या घासाला वरचा ओठ आपणहून खाली आला. तो ओठ मला अजून आठवतो.

नातवाच्या बाबतीत मला पाहायचंय ते जिभेचं काम. ती घास बाजूला दाढांवर नेते का, जबडा नुसता वर-खाली होतो की थोडा फिरतो? जीभ घास बाजूला नेत नसेल तर तो गालात अडकून राहतो, त्याला हट्ट म्हणू नका. कॉलच्या वेळी ताटात मिक्सरमधलं, हाताने कुस्करलेलं आणि उकडलेल्या बटाट्याची फोड, तिन्ही ठेवा. शेंगदाणे, फुटाणे अजिबात नकोत. खिडकी त्याच्या पाठीमागे नको. कार्टून लावून भरवत असाल तर दुसऱ्या फोनवर लावा, लपवू नका. दिवसभरात दूध किती पितो तेही लिहून ठेवा. अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर भूक तिथेच मरते, आणि रक्तातलं लोहही कमी पडू शकतं.

घशात काय चाललंय ते मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. काही मुलांचा घास ठसका न लागताही श्वासनलिकेत जातो. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं, यांतलं काहीही असेल तर कॉलची वाट न पाहता ग्वाल्हेरमध्येच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते एक्स-रेखाली गिळणं तपासायला सांगतील, आणि ते फोनवरून होण्यासारखं नाही. खाताना ओठ निळे पडले, श्वास अडला, तर तडक इस्पितळ गाठायचं.

त्याला तुमच्या हातची सवय असेल तर कॉलवर सूनबाईंनी नको, तुम्हीच भरवा. चिऊचा-काऊचा घास म्हणत असाल तर म्हणा. मी ‘थांबा’ म्हटलं की पुढचा घास हातातच ठेवा. आधीचा गिळायला त्याला किती वेळ लागतो, ते मला मोजायचंय.