“आळशी” मुलगी आणि लेझीम

“दिवसभर मोबाइल, खाली खेळायला म्हणून जात नाही हो!” सातवी-आठवीतल्या मुलांचे आई-बाबा हेच गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे येतात. या मुलीच्या आईनं तर बॅडमिंटन, पोहणं, झुंबा, सगळीकडे फी भरून पाहिली होती. महिन्याभरात सगळं बंद.

आईला बाहेर बसवून मी विचारलं, “घाम येईपर्यंत शेवटचं कधी खेळलीस?”

“पाचवीत. लंगडी.”

“मग?”

“टीम पाडताना मीच शेवटी उरते. आणि घरी आली की आई विचारते, वजन उतरलं का?”

पुढे मी खेळाचा विषयच काढला नाही. एकदा स्नेहसंमेलनाबद्दल सांगता सांगता ती लेझीमचे हात दाखवायला उठली. हात रिकामेच, पण पाऊल पुढे, खाली वाकून ठेका, उडी, गिरकी. बघता बघता कपाळावर घाम आला. चेहरा खुलला होता.

“हे आवडतं?”

“हो. यात कोणी आउट होत नाही ना.”

हे वाक्य तिच्या तोंडून यावं म्हणूनच मी थांबले होते. स्वतःची निवड, “मला जमतंय” ही जाणीव आणि बरोबरीची सोबत मिळाली, की मूल आपणहून हलतं, असं मी मानते. इथे निवड आईची होती, जमत नाही हे रोज कळत होतं आणि सोबत वजनकाट्याची.

आईला म्हटलं, वजन हा शब्द घरात काढायचा नाही. त्यांना ते जड गेलं, पण पाळलं त्यांनी. मुलगी आता सोसायटीतल्या मैत्रिणींना लेझीम शिकवते.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यात किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी, म्हणजे दोरीवरच्या उड्या, चढणं वगैरे. ही 60 मिनिटं सलग नसली तरी चालतात. सायकलनं शाळेत जाणंही त्यात धरा. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची दर 5 पैकी 4 मुलं एवढंही हलत नव्हती, आणि मुली मुलांच्याही मागे. तेव्हा आपल्याच लेकीला आळशी ठरवण्याआधी तिला नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या, पाळीच्या दिवसांबद्दल मोकळेपणानं बोला. शाळेत पीटीचा तास गणिताला दिला जात असेल, तर पालकसभेत त्याचाही जाब विचारा.