लेकराचं ताट साडेसातला

‘मुलगा सहावीत, वय ११, उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. सकाळी सातला शाळेची गाडी येते. भूकच नाही म्हणतो, चहा-टोस्टवर जातो. दुपारी आला की फरसाण, चिवडा, दिसेल ते खातो. मान काळी पडलीय, लिंबू लावून घासते. रात्री साडेदहाला मालक दुकान बंद करून आले की सगळे सोबतच जेवतो, तेव्हा मात्र पोटभर खातो. नाश्त्याची सवय कशी लावू?’
– एक आई, जालना

ताई, नाश्त्याचं नंतर बघू. आधी ते ‘साडेदहा’ बघा. तेव्हा पोटभर जेवून अकरा-साडेअकराला झोपलेल्या लेकराला सहाला भूक लागणार कुठून? तो नखरे करत नाही, खरंच सांगतोय.

झोपेची वेळ जवळ आली की इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाचं, काम मंदावतं. सकाळी खाल्लेल्या भाकरीपेक्षा तीच भाकरी रात्री उशिरा खाल्ली तर रक्तातली साखर जास्त चढते. सकाळ उपाशी गेली की दुपारच्या जेवणानंतरही साखर अधिक वाढते. त्यात झोप जेमतेम साडेसहा-सात तास. या वयाला निदान नऊ तास लागतात. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि मग हात फरसाणाच्याच डब्याकडे जातो.

आजपासून त्याचं ताट साडेसातला वाढा. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, भाजी, काकडी. नऊला अंथरूण. यजमान नाराज होतील, होऊ द्या. दुकानाच्या वेळेचा भार लेकराच्या अंगावर नको. ‘बाबांसोबत दोनच घास’ तर अजिबात नाही, सगळं तिथंच फिसकटतं. दुकान बंद असेल त्या दिवशी सगळे सोबत जेवा, पण साडेसातलाच.

भूक परतायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर बळजबरी नको, अर्धा धपाटा पुढे ठेवा. भूक लागायला लागली की ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन घालून केलेला एक धपाटा आणि वाटीभर दही, किंवा एक भाकरी आणि उकडलेलं अंडं. धपाट्याला तेल चमचाभरच. सुशीला करायची तर मुरमुऱ्यांच्या बरोबरीनं मोड आलेली मटकी घाला. नुसत्या मुरमुऱ्यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते. टोस्ट आणि साखरेचा चहा बंद. शाळेच्या डब्यात फुटाणे आणि एक पेरू.

आणि मान घासू नका! तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी अशीच काळी, जाडसर होते. लिंबानं नुसती आग होईल. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, यकृतासाठी एसजीपीटी आणि रक्तदाब, एवढं तपासून घ्या. कितीला जेवतो हे डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही आपणहून सांगा.